घरात भुभू-माऊ असताना घर स्वच्छ कसं ठेवता?

प्राजू_ठाणे
यावर आधीचा धागा असेल तर लिंक द्या, मला शोधून मिळाला नाही.

ठाण्यात टू बीएचके, सातवा मजला. घरात एक लॅब्रेडॉर (भीम) आणि बिल्डिंगखालून उचलून आणलेला एक बोका (गुंड्या). भीमचे केस बारा महिने गळतात. सोफा, चादरी, नवऱ्याच्या काळ्या पॅंटी, एकदा तर वरणातसुद्धा. गुंड्या आजवर शहाण्यासारखा ट्रेमध्ये जात होता. हल्ली मात्र सोफ्यामागचा आणि देव्हाऱ्याखालचा असे दोन कोपरे त्याने धरलेत. पुसलं की वास जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच शू.

कामाच्या मावशी म्हणतात, सरळ फिनेल ओतूया. मांजराला फिनेल चालत नाही असं वाचलंय, खरं का? आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, सासरची झाडून सगळी मंडळी येतात. साबा (सासूबाई) सोवळ्यातल्या नाहीत, पण त्यांचं नाक फार तिखट आहे.

तर केसांचं काय करता, वासाचं काय करता आणि फरशी कशाने पुसता? 'प्राणी पाळायचेच कशाला' हा प्रतिसाद कृपया देऊ नये, तो घरी रोज मिळतो.

टवाळ_कार्टं
पयला!
सगळं सासर दीड दिवस? त्यानंतर फरशीवर जे उरेल त्यापुढे भीमचे केस म्हणजे किस झाड की पत्ती.

खारुताई
केसांपुरतं सांगते, घरात दोन गोल्डन रिट्रीव्हर आहेत.

पंखा चालू ठेवून झाडू मारणं बंद करा. निम्मे केस हवेत उडतात आणि आपण चहा घेऊन बसलो की निवांत खाली येतात. आधी पंखा बंद, मग ओलसर फडकं किंवा चपटा मॉप फिरवायचा. केस त्याला चिकटून गोळा होतात, ते उचलायचे आणि मगच नेहमीची लादी पुसायची.

सोफ्याला भांडी घासायचे रबरी हातमोजे. किंचित ओले करून एकाच दिशेने हात फिरवला की केसांच्या वळकट्या निघतात. बाथरूमचा रबरी वायपरही गालिच्यावर तेच काम करतो, फक्त तो वेगळा ठेवा. कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी गॅलरीत झटका, ओला झालेला केस कापडात जास्तच रुततो.

आणि मुळात भुभूला रोज ब्रश करा. लॅबला दुहेरी कोट असतो, आतला मऊ थर गळतो तोच घरभर दिसतो. ब्रशमध्ये आला तेवढा केस सोफ्यावर येत नाही. उन्हाळ्यात पूर्ण भादरू मात्र नका, त्या कोटाने उन्हापासूनही बचाव होतो.

सेक्रेटरी_बी_विंग
खारुताई, गॅलरीत झटका म्हणता, पण खालच्या मजल्यावर लोकांचे कपडे आणि पापड वाळत असतात हो. आमच्या सोसायटीच्या मागच्या मीटिंगमध्ये या एका विषयावर पाऊण तास गेला. पाण्याच्या टाकीच्या गळतीला पाच मिनिटं मिळाली.

खारुताई
@सेक्रेटरी, बरोबर आहे. बाथरूममध्ये झटका, मात्र जाळीवर केस साठू देऊ नका, मोरीचा पाइप तुंबतो. आमच्या खाली अजून तरी कोणी पापड घालत नाही.

गोठ्यातला_डॉक्टर
एरवी रोमात (फक्त वाचत) असतो. कोल्हापूरकडे पशुवैद्य आहे, गाई-म्हशी जास्त आणि कुत्री-मांजरं कमी, पण यावर लिहायलाच हवं.

प्राजूताई, फरशीचं नंतर बघू. आधी गुंड्याला डॉक्टरकडे न्या. ट्रे वापरणारा बोका अचानक बाहेर शू करू लागला तर मूत्राशयाची सूज, लघवीत खडे, ताण, खच्चीकरण झालेलं नसणं यातलं काहीही असू शकतं. तो वारंवार बसतोय पण थेंबथेंबच येतेय, ओरडतोय, सतत तिथे चाटतोय असं दिसलं तर उद्यावर ढकलू नका. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. ती पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं.

आता फिनेल. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. फिनॉल गटातली द्रव्यं शरीराबाहेर टाकायची जी यंत्रणा माणसाच्या किंवा कुत्र्याच्या यकृतात असते, ती मांजरात फार तोकडी असते. मांजर फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं, म्हणजे पुसलेलं सगळं पोटात. काळं फिनेल तर नकोच. पांढऱ्यात बहुधा पाइन तेल असतं, तेही नको. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी तपकिरी अँटिसेप्टिकं असतात ना, तीही यातच आली. सुगंधी फ्लोअर क्लीनरमध्ये अनेकदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक असतं, ते चाटलं तर जिभेवर व्रण येतात. वापरायचंच असेल तर बाटलीवर लिहिलंय तेवढं पातळ करा, वरून साध्या पाण्याचा हात मारा आणि वाळेपर्यंत मांजराला खोलीबाहेर ठेवा. कपाटातल्या डांबरगोळ्या, कापूर, निलगिरी आणि टी ट्री तेल हेही त्याच्या तोंडापासून लांब.

रोजच्या लादीला गरम पाणी आणि थोडा साधा साबण पुरतो.

आजीचा_बटवा
केमिकल्स हवीतच कशाला? लिंबू-संत्र्याच्या सालींचं बायोएन्झाइम घरी करा. गूळ एक भाग, साली तीन भाग, पाणी दहा भाग, तीन महिने मुरवायचं. आमच्याकडे सगळी फरशी त्यानेच पुसतात. मांजराच्या शूवर थेट व्हिनेगर. वास गायब.

नाना_पेठकर
फरशी कसली आहे ते आधी विचारा आणि मग व्हिनेगर सांगा. शहाबादी, कोटा, संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड. आंबट पडलं की चकाकी जाते, पांढरट डाग पडतो आणि तो पॉलिशवाल्याशिवाय निघत नाही. लिंबाच्या सालींचं पाणी आंबटच, त्याला बायो म्हटल्याने फरक पडत नाही. व्हिट्रिफाइड टाइल असेल तर काय ते करा, पण टाइलच्या सांध्यातलं सिमेंट तिथेही खाल्लं जातंच.

आमच्या वाड्यात शहाबादी होती आणि मांजरंही होती. मांजराने घाण केली की चुलीतली राख टाकायची, ओल शोषली गेली की सुपलीत भरायची, मग पाणी. राखेला कुणी ब्रँड लावला नव्हता.

सातारी_कंदी
नाना +१. गावाकडे तर मांजर स्वतःच राखेत जायचं. रात्री चूल विझली की उबदार राखेत बसायचं आणि सकाळी आजी राख उकरताना जे निघायचं त्यावरून मांजराच्या सात पिढ्यांचा उद्धार. घराबाहेर मातीत उकरून झाकणाऱ्या मांजराला सातव्या मजल्यावर आपण प्लास्टिकचं घमेलं देतो आणि वर म्हणतो, 'याला वळण नाही'.

गोठ्यातला_डॉक्टर
नानांचं दगडाचं म्हणणं बरोबर. बायोएन्झाइम चिकट डागांना चालत असेल, पण शू त्याने फुटेल याची खात्री नाही. त्यात नेमकं कोणतं एन्झाइम किती आहे हे आपण मोजलेलं नसतं.

वास परत का येतो? लघवीतला यूरिक अॅसिडचा भाग स्फटिक होऊन सांध्यात, दगडाच्या छिद्रांत, सोफ्याच्या फोममध्ये बसतो. तो पाण्यात नीट विरघळत नाही. आपण साबणाने पुसतो, आपल्या नाकाला बरं वाटतं, पण मांजराच्या नाकाला ती खूण कळते. पावसाळ्यात हवेत दमटपणा आला की आपल्यालाही. म्हणून 'मे महिन्यात वास नव्हता हो' ही तक्रार जून-जुलैत येते.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइम क्लीनर मिळतो. ताजी शू आधी कागदाने टिपून घ्या, घासू नका. मग डागापेक्षा मोठ्या जागेवर क्लीनर ओता. शिंपडून भागत नाही, शू जितकी खोल गेली तितकंच हेही जायला हवं. बाटलीवर दिलेला वेळ ओलं राहू द्या, नंतर टिपून वाळू द्या. त्याआधी तिथे जंतुनाशक ओतू नका, एन्झाइम निकामी होऊ शकतं. कुठे कुठे केलंय ते कळत नसेल तर अंधारात यूव्ही टॉर्च फिरवा, जुने डाग चमकतात.

टवाळ_कार्टं
यूव्ही टॉर्च घेऊन साबांसमोर देव्हाऱ्याखाली रांगणारी सून. मालिकेचे तीन भाग होतील यावर.

अनघा_नाशिक
मी तर सरळ ब्लीच ओतते. जंतू मेले, वास गेला, विषय संपला.

गोठ्यातला_डॉक्टर
@अनघा, थेट शूवर ओतू नका. लघवीत अमोनिया तयार होतो, ब्लीचशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइन वायू निघतो. डोळे चुरचुरतात, छातीत धाप लागते, बंद बाथरूममध्ये तर जास्तच. ब्लीच लागलंच तर आधी जागा पाण्याने स्वच्छ धुवा, खिडकी उघडा आणि दुसरं कुठलंही क्लीनर त्यात मिसळू नका. अमोनिया असलेले काच पुसायचे स्प्रेसुद्धा या कोपऱ्यात नकोत, मांजराला तो वास शूसारखाच वाटतो.

मडगांवकार
गोंयकाराचे दोन पैसे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर काहीही वाळत नाही, कुत्रा तर नाहीच. फिरून आला की दारातच अडवतो. दाराबाहेर एक पायपुसणं, आत एक जुना टॉवेल, बादलीत कोमट पाणी. चारही पाय बुचकळायचे आणि बोटांच्या मधे नीट कोरडं करायचं. तिथे ओल राहिली की खाज, चाटणं, मग बुरशी. रोज आंघोळ घालू नका, कातडीचं तेल जातं आणि वास उलट वाढतो. त्याच्या अंथरुणाला धुता येणारे अभ्रे हवेत, ते आठवड्याला गरम पाण्यात. ओल्या कुत्र्याचा वास म्हणतात त्यातला बराचसा आमच्या घरी त्या गादीचाच निघाला.

फक्त_वाचक
गोचिडींचं कोणी बोलेना. आमच्याकडे भिंतीवर चालताहेत. अक्षरशः भिंतीवर, गणपतीच्या फोटोच्या चौकटीमागे. कुत्र्याच्या अंगावरच्या रोज काढतोय, तरी संपत नाहीत.

गोठ्यातला_डॉक्टर
ती बहुधा तपकिरी कुत्रा-गोचीड. तिचं सगळं आयुष्य घरातच पार पडू शकतं. मादी रक्त पिऊन फुगली की कुत्र्यावरून उतरते, वर चढते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीत, पलंगाच्या सांध्यात हजारांनी अंडी घालते. म्हणजे कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या, बाकीचं लष्कर घरात. मोठी गोचीड रक्ताशिवाय कित्येक महिने टिकते, त्यामुळे कुत्र्याला पंधरा दिवस गावी पाठवून उपयोग नाही.

दोन्ही आघाड्या एकदम लढायला हव्यात. कुत्र्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने चघळायची गोळी किंवा मानेवरचे थेंब, वेळापत्रक न चुकवता. घरात भेगा बुजवा, चौकटींच्या मागे व्हॅक्यूमची बारीक नळी घाला, पिशवी लगेच बाहेर टाका. पेस्ट कंट्रोलवाल्याला घरात प्राणी आहेत हे आधी सांगा. काढलेली गोचीड नखाने चिरडू नका, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका. अंगाला रॉकेल चोळणारे अजून भेटतात, कातडी भाजते त्याची. ताप, जेवण सोडणं, नाकातून रक्त असं दिसलं तर रक्त तपासा. एर्लिकिया, बबेसिया हे आजार गोचिडीच्याच मार्फत येतात.

आणि प्राजूताईंसारखं ज्यांच्या घरी दोन्ही आहेत त्यांनी हे लक्षात ठेवाच. कुत्र्याच्या काही गोचीड-औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. ते मांजराला लावलं, किंवा ओल्या थेंबांच्या कुत्र्याला मांजराने चाटलं, तर झटके येऊन मांजर दगावू शकतं.

बर्फातला_बाप्या
मिनेसोटाहून. इथे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, त्यामुळे आमचं दुखणं पिसवांचं. पिसू कोषात असेल तर औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने आणि उबेने ती बाहेर येते, म्हणून रोज व्हॅक्यूम करायचं आणि 'अरे, वाढल्या की' म्हणून घाबरायचं नाही.

रोबो व्हॅक्यूमचा मोह सगळ्यांना होतो. केसांसाठी उत्तम आहे, पण कुत्र्याचं पोट बिघडलेलं असताना रात्रीचा टायमर लावू नका. आमच्या मित्राकडे सकाळी उठून पाहिलं तर रोबोने नेमून दिलेलं काम इमानेइतबारे पूर्ण केलं होतं. चारही खोल्या. कोपरेसुद्धा.

टवाळ_कार्टं
सारवण!! नाना, घ्या, तुमचा वाडा परत आला.

नाना_पेठकर
शेणाने सारवत असत, एवढा भेद तरी कळू द्या.

अनघा_नाशिक
डॉक्टर, ब्लीच बंद केलं. पण वेगळाच प्रश्न आहे. बहिणीला चौथा महिना आहे, घरी मांजर आहे. सासरचे म्हणतात, मांजर सोडून या, बाळाला धोका आहे. ती रडतेय. खरंच द्यावं लागेल का?

गोठ्यातला_डॉक्टर
टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती आहे ती. बहिणीच्या डॉक्टरांना विचाराच, रक्ताच्या तपासणीने आधी संसर्ग होऊन गेलाय का ते कळतं. पण मांजर सोडून देण्याची गरज सहसा पडत नाही. संसर्ग झालेल्या मांजराच्या शीतून परजीवी बाहेर पडला तरी तो संसर्गजन्य व्हायला साधारण एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ व्हायला हवा आणि तो बहिणीने करायचा नाही, नवऱ्याने करायचा. मांजराला कच्चं मांस नको, बाहेर भटकणं नको. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस, न धुतलेल्या भाज्या आणि बागेतल्या मातीतूनही हा संसर्ग होतो. तिकडेही लक्ष द्या, सगळा दोष मांजरावर नको.

खारुताई
'नवऱ्याने करायचा' हे डॉक्टरांनी लिहिलंय, प्रिंट काढून फ्रिजवर लावा.

यावरून मावशींचं बोलते. प्राजू, तुझ्या मावशी गुंड्याची शू पुसतात का? आमच्याकडे नियम आहे, शी, शू, उलटी घरच्यांनीच उचलायची. लादी पुसायचं काम ठरलंय, त्यात हे येत नाही.

सेक्रेटरी_बी_विंग
असहमत. आमच्याकडे ताईंना त्याचे वेगळे पैसे देतो, त्या खुशीने करतात. बाळाचे लंगोट बदलायला बाई ठेवतोच ना?

सातारी_कंदी
खुशीने करतात की नाही म्हणता येत नाही म्हणून करतात, ते एकदा विचारून बघा. पैसे द्या, नाही म्हणायची मोकळीक द्या आणि हातमोजेही द्या. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आठवतो का? २००५ च्या पुरानंतर मुंबईत केवढी साथ आली होती. उंदराकडून होतो तसा कुत्र्याच्या लघवीतूनही तो होऊ शकतो. कुत्र्याला त्याची लस दरवर्षी द्या आणि उघड्या हाताने कोणीही पुसू नका. मालक असो की मावशी.

सेक्रेटरी_बी_विंग
लसीचं मान्य. ताईंना विचारतो.

सोसायटीबद्दलही एक सांगतो, कारण निम्मी भांडणं घराबाहेरच्या घाणीवरून होतात. अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. त्याच सूचनांमध्ये मालकांनी प्राण्याची घाण उचलावी असंही म्हटलंय, पण हा भाग व्हॉट्सअॅपवर कोणी फॉरवर्ड करत नाही. कुत्रा स्कूटरच्या चाकावर पाय वर करतो तेव्हा मालकाला नेमका फोन येतो.

प्राजू_ठाणे
केवढे प्रतिसाद! सगळ्यांना एकगठ्ठा धन्यवाद.

गुंड्याला नेलं. लघवीत खडे आहेत, मूत्राशयाला सूज, पण नलिका तुंबलेली नाही. औषध आणि वेगळं खाणं सुरू केलंय, पाणी जास्त पोटात जावं म्हणून ओला आहार. डॉक्टरांनी ट्रेचंही विचारलं. आमचा ट्रे वॉशिंग मशीनच्या शेजारी, झाकणाचा, आणि मशीन स्पिनला लागलं की भूकंप. त्यांचं म्हणणं, एका मांजरालाही दोन ट्रे हवेत, उघडे, शांत जागी, खाण्यापासून लांब. दुसरा ट्रे सोफ्यामागच्याच कोपऱ्यात ठेवलाय. दिसायला भयानक दिसतं, पण गुंड्या त्यात जातोय.

@खारुताई, मावशी पुसत होत्या. आता मी आणि नवरा.
@नाना, फरशी व्हिट्रिफाइड आहे, पण देव्हारा संगमरवरी! व्हिनेगर हातात घेतलं होतं, परत ठेवलं.

प्रश्न एकच, लिटर (ट्रेमधली माती) कुठे टाकायचं? बेंटोनाइटचे गोळे होतात ते टॉयलेटमध्ये टाकले तर चालतात का?

मडगांवकार
अजिबात नाही! ती फुगणारी माती आहे, कच्छमध्ये तिच्या खाणी आहेत. पाणी लागलं की पाइपातच बसते आणि प्लंबर येतो. कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून कचऱ्यात, सफाई कामगारांना कळेल अशी वेगळी. टोफूचं लिटर हलकं असतं आणि धूळ कमी, पण आमच्या दमट हवेत त्याला बुरशी धरते, लहान पाकिटं घ्या.

फक्त_वाचक
आमच्या चौकटी सिलिकॉनने बुजवून झाल्या. फोटो उतरवले तेव्हा मागे जे दिसलं ते इथे लिहीत नाही, लोक जेवत असतील.

मुलाला शिंका येतात, त्या कुत्र्याच्या केसांमुळे का?

गोठ्यातला_डॉक्टर
केस हे फक्त वाहन. अॅलर्जी होते ती लाळ, कातडीचा कोंडा, लघवी यातल्या प्रथिनांची. मांजराचं प्रथिन इतकं बारीक कणांवर बसतं की मांजर घरातून गेल्यावरही कित्येक महिने घरात सापडतं. मुलाची झोपायची खोली प्राण्यांना बंद करा, तिथले पडदे-गालिचे कमी करा, हवेतले बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर लावा. पण आधी त्याची तपासणी करून घ्या, झुरळं आणि धुळीतले कीटकही शिंकायला लावतात. उगाच कुत्र्याला शिक्षा नको.

प्राजूताई, गणपतीचं एक राहिलं. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, भीमला प्रसाद द्यायचा नाही. पंचखाद्यातला पाचवा ख बऱ्याच घरी खिसमिस असतो आणि बेदाणे-मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पाहुणे असताना गुंड्याला आतल्या खोलीत त्याचा ट्रे आणि पाणी देऊन ठेवा. आरतीच्या टाळ-झांजांनी बिथरला तर तो पुन्हा देव्हाऱ्याखालीच जाईल.

प्राजू_ठाणे
पाचव्या ख चं डोक्यातच नव्हतं. यंदा खवा.

टवाळ_कार्टं
खव्याने लॅब्रेडॉरचं पोट बिघडलं तर? घरात रोबो नाहीये ना?